इनोव्हाचा डीएक्स स्टार्टर सेट: पहिल्या डिस्क घेताय तर आधी हे वाचा

डिस्क गोल्फ (फ्रिस्बीसारखी डिस्क फेकत फेकत साखळ्यांच्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ) नव्याने सुरू करणारं कुणी भेटलं की माझं सांगणं ठरलेलं असतं, आधी इनोव्हा कंपनीचा हा तीन डिस्कचा सेट घ्या, तो मनसोक्त फेका, आणि मग त्या चकचकीत ड्रायव्हरच्या, म्हणजे लांब फेकायच्या डिस्कच्या, रॅककडे बघा. सगळे हो हो म्हणतात आणि त्यातले बरेच जण पुढच्या रविवारी हातात डिस्ट्रॉयर हा वेगवान ड्रायव्हर घेऊन हजर होतात. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण डिस्क भारी असते, माणूसही उत्साही असतो, पण दोघांचं जमत नाही आणि महिन्याभरात तो माणूस "हा खेळ आपल्याला काही जमत नाही बुवा" म्हणून सोडून जातो. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय.

सेटमध्ये तीन डिस्क येतात. लेपर्ड हा फेअरवे ड्रायव्हर (म्हणजे कमी वेगाचा, आटोक्यात राहणारा ड्रायव्हर), शार्क ही मिडरेंज (मधल्या अंतराची), आणि एव्हिआर हा पटर (बास्केटजवळून टाकायची डिस्क). तिन्ही डीएक्स प्लॅस्टिकमध्ये, म्हणजे इनोव्हाचं सगळ्यात बेसिक प्लॅस्टिक. दिसायला साधं, हाताला थोडं खरखरीत.

आता आकड्यांबद्दल बोलू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. इनोव्हाच्या डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: स्पीड, ग्लाइड (हवेत तरंगत राहणं), टर्न (वेगात असताना उजवीकडे वळणं, आकडा जितका उणे तितकं जास्त), फेड (वेग संपताना डावीकडे वळणं). लेपर्डचे ६, ५, -२, १. शार्कचे ४, ४, ०, २. एव्हिआरचे २, ३, ०, १. आणि नवीन माणसाच्या डोळ्यात भरणारा तो डिस्ट्रॉयर १२, ५, -१, ३. दुकानात उभं राहिलं की साहजिकच वाटतं १२ म्हणजे ६ च्या दुप्पट लांब जाणार. पण तो पहिला आकडा म्हणजे डिस्क तुमच्या हाताकडून किती वेग मागते त्याचा आकडा आहे. तेवढा वेग मिळाला तर ती छापल्यासारखी उडते, नाही मिळाला तर टर्न बिर्न काही होत नाही, सरळ शेवटच्या आकड्यावर म्हणजे फेडवर उतरते आणि डावीकडे वळून खाली. (उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, फेकणाऱ्यांचं सांगतेय, डावखुऱ्यांनी सगळं उलटं धरा.) टॉपचे पुरुष खेळाडू ताशी ११० किलोमीटरच्या आसपास डिस्क सोडतात, त्यांच्या हातात डिस्ट्रॉयर आधी किंचित उजवीकडे सरकते, मग सरळ होते आणि शेवटी डावीकडे येते, असा सुंदर लांबलचक एस काढते. पहिल्याच आठवड्यात खेळायला आलेल्या माणसाच्या हातून तीच डिस्क सुटल्या सुटल्या डावीकडच्या झाडीत जाते.

असं का होतं हे एकदा समजून घ्या, खूप उपयोग होतो. डिस्कचा वेग कमी पडला की हवेचा दाब तिच्या पुढच्या भागाला वर उचलायला बघतो, पण डिस्क गरगर फिरत असल्यामुळे ती नाक वर करायच्या ऐवजी अंगाला कलते, उजव्या हाताच्या बॅकहँडला डावीकडे. वेग जास्त असताना ह्याच्या उलट, ती उजवीकडे कलायला बघते, तो टर्न. म्हणजे प्रत्येक डिस्कचा स्वतःचा एक वेग असतो, ज्याच्या खाली तिला टर्न माहीतच नसतो. रुंद कडेच्या, धारदार ड्रायव्हरचा हा वेग फार वर असतो. ही धारदार कडा पहिल्यापासून नव्हती बरं का. एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हचा पहिला कायमस्वरूपी कोर्स बसवला तेव्हा लोक साध्या गोल कडेच्या फ्रिस्बीच फेकत होते. इनोव्हाचे एक संस्थापक डेव्ह डनिपेस यांनी १९८३ मध्ये तासलेल्या कडेची ईगल ही डिस्क आणली आणि तिथून डिस्क खऱ्या अर्थाने लांब जायला लागल्या, त्यातूनच पुढे इनोव्हा वाढली. पण धार जसजशी वाढत गेली तसतसा फेकणाऱ्याकडून अचूकपणाही जास्त लागायला लागला.

आणि इथे माझा खरा मुद्दा येतो. चुकीची डिस्क कमी लांब जाते एवढंच असतं तर मी काही बोलले नसते. ती तुमच्या फेकीबद्दल खोटं सांगते, त्रास त्याचा आहे. नवीन माणूस जवळजवळ हमखास डिस्कचं नाक थोडं वर ठेवून सोडतो. वेगवान ड्रायव्हर असेल तर ती वर चढते, हवेतच दम सोडते आणि डावीकडे कोसळते. त्याला वाटतं आपला हात डावीकडे ओढला जातोय. मग तो उजवीकडे तोंड करून उभा राहतो, डिस्कची बाहेरची कड वर उचलून धरतो, खांदा वाकवतो, आणि हे सगळं करून डिस्क कशीबशी मधे पडली की त्याला वाटतं जमलं! प्रत्यक्षात नाक वरचं वरच राहिलंय आणि त्यावर दोन नवीन सवयी चढल्यात. ह्या सवयी मोडायला नंतर किती त्रास होतो हे मी लोकांबरोबर मैदानात उभं राहून बघितलंय, फार वाईट वाटतं कारण मेहनत त्यांनी प्रामाणिकपणे केलेली असते.

लेपर्ड असं करत नाही. तिचा टर्न -२ आहे, म्हणजे कमी वेगातही तिची उजवीकडे जायची तयारी असते, त्यामुळे साधारण वेगाच्या हातातून ती बऱ्यापैकी सरळ जाते आणि शेवटी हळूच डावीकडे येते. सपाट सोडली तर सरळ, आतल्या बाजूला थोडी कललेली सोडली तर आधी सपाट होते मग सरळ. तुम्ही जे केलं ते दिसतं. नाक वर राहिलं तर इथेही ती वर चढते आणि मधेच थांबते, पण तेव्हा कारण एकच उरतं, दोष डिस्कवर ढकलायला जागा नाही. कडा अरुंद आहे म्हणून लहान हातालाही चार बोटं आत नीट बसतात, हे डिस्ट्रॉयरच्या साधारण २.२ सेंटिमीटरच्या कडेत होत नाही, तिथे बोटं ताणली जातात आणि सोडताना पकड निसटते. लेपर्डची एक अडचण मात्र लक्षात ठेवा, समोरून जोराचा वारा असेल तर ती उलटी पडून उजवीकडे लोळत जाऊ शकते. समोरचा वारा कुठलीही डिस्क जास्त वळवतो, तशा दिवशी शार्क काढा.

शार्कबद्दल माझं मत जरा मिश्र आहे. डिस्क चांगलीच आहे, वाऱ्यात टिकते, कड हाताला मऊ लागते, पण फेड २ आहे आणि अगदी कमी वेगाच्या हाताला ती थोडी लवकर डावीकडे झुकते. इनोव्हाचीच मिडरेंज माको३ घ्या, आकडे ५, ५, ०, ०, किंवा डिस्क्राफ्ट कंपनीची बझ घ्या, ५, ४, -१, १, ह्या दोन्ही नवीन माणसाला जास्त स्वच्छ उत्तर देतात असं मला वाटतं. सेट मी बनवला असता तर मधली डिस्क माको३ ठेवली असती. अर्थात शार्क आली म्हणून काही बिघडत नाही, उलट फोरहँड (हात अंगाच्या बाजूने पुढे आणून फेकणं) शिकताना ती बरी पडते, कारण फोरहँडमध्ये सुरुवातीला मनगटाने डिस्क हलते आणि लेपर्ड लगेच उलटते, शार्क तेवढं सहन करते.

आता एव्हिआर. संपूर्ण सेटमध्ये मला सगळ्यात किमती वाटते ती ही डिस्क आणि लोक तिलाच सगळ्यात कमी हात लावतात, बॅगेच्या तळाशी टाकतात आणि बास्केटजवळ गेल्यावरच काढतात. एव्हिआर १९८० च्या दशकापासून चालत आलेला पटर आहे आणि अजून लोक त्यानेच साखळ्या वाजवतात, ह्यातच सगळं आलं. पण तो टीवरून, म्हणजे पहिली फेक जिथून करतात तिथून, पूर्ण ताकदीने फेकून बघा. पटर हवेत थरथरला तर लांबून दिसतं, म्हणजे सोडताना मनगट वाकडं झालं. नाक वर असेल तर फुग्यासारखा वर जाऊन जागेवरच खाली येतो. वेगवान ड्रायव्हरमध्ये हे सगळं त्या जोराच्या फेडखाली झाकलं जातं. मोठमोठे खेळाडूसुद्धा छोट्या होलवर टीवरून पटर फेकतात, त्यात कमीपणा नाही.

मध्यंतरी एक मुलगा आमच्याबरोबर खेळायला आला, बॅगेत सगळ्या १२ आणि १३ स्पीडच्या डिस्क, कुणीतरी दुकानात "लांब जायला हवं ना, मग हेच घ्या" म्हणून दिलेल्या. अंगात ताकद चांगली होती. पहिली फेक डावीकडे, दुसरी त्याहून डावीकडे, तिसऱ्याला त्याने डिस्क इतकी उलटी कलवली की ती जमिनीवर चाकासारखी पळत गेली. मी त्याच्या हातात एव्हिआर दिला, म्हटलं पळत येऊ नकोस, जागेवर उभा राहा, डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढ, आणि सोडताना अंगठ्याच्या बाजूने थोडं खाली दाब, ओंजळीतलं पाणी पुढे ओतल्यासारखं. डिस्क सरळ गेली, अजिबात न थरथरता, आणि त्याच्या ड्रायव्हरपेक्षा दोन-चार पावलंच मागे पडली. बास्केटच्या अगदी रेषेत. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, नंतर सबंध राऊंडभर त्याने तो पटर माझ्याकडे परत दिलाच नाही.

प्लॅस्टिकबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात त्या खऱ्या आहेत. डीएक्स झाडावर आपटलं की कडेला खाचा पडतात, दगडावर घासलं की खरवडून निघतं, इनोव्हाचंच चॅम्पियन किंवा स्टार प्लॅस्टिक त्या मानाने कितीतरी जास्त टिकतं. पण माझ्या मते पहिल्या सेटला हे चालतं, किंबहुना बरंच आहे. एक तर पकड छान मिळते. आणि झिजलेली डिस्क हळूहळू जास्त टर्न घ्यायला लागते, म्हणजे तुमची लेपर्ड जसजशी मुरते तसतशी ती आणखी सहज वळते, आणि डिस्क वय झाल्यावर कशी बदलते हे हातानेच शिकायला मिळतं. फक्त पावसात डीएक्स निसरडं होतं, सोबत टॉवेल ठेवाच.

वजनाकडे मात्र घेताना जरूर लक्ष द्या, ह्याबद्दल कुणी बोलतच नाही. डिस्कच्या खालच्या बाजूला ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं असतं. पीडीजीए ह्या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम एवढी कमाल मर्यादा आहे, म्हणून बहुतेक ड्रायव्हर १७५ ग्रॅमच्या आसपास थांबतात. पण तो कमाल आकडा आहे, तुम्ही तो गाठलाच पाहिजे असं काही नाही. १५० ते १६५ ग्रॅममधली लेपर्ड हाताला लवकर वेग घेऊ देते, कमी ताकदीतही टर्न दाखवते, मुलांना आणि हलक्या अंगाच्या लोकांना तर फरक लगेच कळतो. जोराच्या वाऱ्यात हलकी डिस्क भरकटते, तेवढं सोडलं तर सुरुवातीला हलकंच घ्या. पटर मात्र थोडा जड असला तरी चालतो, तो वाऱ्यात आणि साखळीत जास्त स्थिर राहतो.

अजून एक, हे चार आकडे कंपन्या आपापले ठरवतात, पीडीजीए डिस्कचं माप, वजन, लवचिकपणा तपासतं, ती कशी उडते ते नाही. त्यामुळे एका कंपनीची ७ आणि दुसऱ्या कंपनीची ७ सारखीच उडेल असं धरून चालू नका, आणि एकाच डिस्कचं प्लॅस्टिक बदललं तरी फरक पडतो. चॅम्पियन प्लॅस्टिकमधली लेपर्ड डीएक्सपेक्षा थोडी जास्त डावीकडे ओढते.

मग मोठा ड्रायव्हर कधी घ्यायचा, हा प्रश्न येणारच. लेपर्डने सपाट, न थरथरता साधारण ९० मीटर सातत्याने जाताय, एकदा चुकून नाही, सातत्याने, तेव्हा स्पीड ९ च्या पुढचा विचार करा असं मी सांगते. नवीन माणसाची फेक बहुधा ५०-६० मीटरला थांबते, तिथे स्पीड १२ तुम्हाला काहीच देत नाही. मधली पायरी हवी असेल तर लॅटिट्यूड ६४ कंपनीची डायमंड बघा, ८, ६, -३, १, हलक्या वजनात येते आणि कमी वेगाच्या हातासाठीच बनवलेली आहे, किंवा त्यांचीच रिव्हर, ७, ७, -१, १, ग्लाइड इतका की डिस्क खाली यायलाच तयार नसते. विक्रमी फेकींचे व्हिडिओ बघून मोठे ड्रायव्हर घेऊ नका. डेव्हिड विगिन्स ज्युनियरची २०१६ ची ३३८ मीटरची फेक पाठीशी जबरदस्त वारा घेऊन केलेली आहे, कोर्सवर झाडांमधून बास्केट गाठण्याशी तिचा संबंध नाही.

माझ्याकडून ह्या सेटला पाचपैकी साडेचार. अर्धा शार्कसाठी कापला. सेट घेतलात की त्याच वेळी आणखी एक एव्हिआर सुटा घ्या, त्याच वजनाचा आणि त्याच प्लॅस्टिकचा, म्हणजे बास्केटसमोर १० मीटरच्या आत उभं राहून एकामागून एक पट मारता येतात आणि दर वेळी डिस्क आणायला चालत जावं लागत नाही. डिस्कच्या मागे मोठ्या अक्षरात नाव आणि फोन नंबर मार्करने लिहा, झुडपात हरवलेल्या डिस्क बऱ्याचदा अशाच परत मिळतात.