डिजिटल कॉन्सर्ट हॉल: पार्ल्यातून ऐकलेलं बर्लिन (वापरानंतरचा अनुभव)

बर्लिन फिलहार्मोनिकच्या डिजिटल कॉन्सर्ट हॉलची वर्गणी मी गेल्या पावसाळ्यात भरली. मध्ये एकदा नूतनीकरण केलं, आणि मुदत संपली की पुन्हा करणार आहे. ओळखीतले लोक विचारतात, यूट्यूबवर एवढं फुकट पडलेलं असताना यासाठी युरोत पैसे कशाला मोजायचे? त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं, कारण माझ्या बाबतीत प्रश्न करमणुकीचा नव्हताच. मला सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी अनेक भागांत रचलेलं मोठं संगीत, ऐकूच येत नव्हती.

आमच्या घरात गाणं आहे, पण ते खयालाचं. आई तरुणपणी रीतसर शिकलेली. एक सूर, एक राग, एक गळा यांच्यामागे तासभर जायची सवय कानाला लहानपणीच लागली. वाद्यवृंदाची रेकॉर्डिंग्ज मी हौसेने आणायचे, लावायचे, आणि दहाव्या मिनिटाला सगळं एकदम अंगावर येऊन मन भलतीकडे निघून जायचं. ऐंशी-नव्वद माणसं एकाच वेळी काय करताहेत, कोणाच्या मागे जायचं, काही कळत नसे. या काही महिन्यांत ते कळायला लागलं, आणि ते डोळ्यांमुळे कळलं. एवढ्यासाठी मी या सेवेची ऋणी आहे.

आधी ही चीज काय आहे ते सांगते. बर्लिन फिलहार्मोनिक हा १८८२ साली स्थापन झालेला वाद्यवृंद. २००८-०९ च्या हंगामापासून ते आपल्या स्वतःच्या सभागृहातले कार्यक्रम चित्रित करून इंटरनेटवर थेट दाखवतात. एका हंगामात चाळीसच्या आसपास थेट प्रक्षेपणं होतात, आणि काही दिवसांत ती संग्रहात जमा होतात. संग्रहात शेकडो मैफली आहेत, शिवाय माहितीपट आणि कलाकारांच्या मुलाखती. सभागृहातले कॅमेरे दुरून चालवले जातात. प्रेक्षकांत कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस फिरत नाही, त्यामुळे मैफलीत चित्रीकरणाची लुडबुड जाणवत नाही.

मला पहिला दरवाजा उघडला तो बार्तोक या हंगेरियन संगीतकाराच्या कॉन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्राने. १२ मार्च २०२० ची मैफल. कोरोनामुळे सभागृह प्रेक्षकांना बंद झालं होतं, तरी वाद्यवृंद वाजवायला बसला, कंडक्टर सायमन रॅटल समोर उभे राहिले, आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे झालेला तो कार्यक्रम जगभर फुकट दाखवला गेला. आधी बेरिओची सिन्फोनिया, मग हा बार्तोक. त्यातला दुसरा भाग सुरू होतो एका ड्रमच्या सुट्या, कोरड्या ठोक्यांनी. मग वाद्यं जोडीजोडीने येतात. पहिल्यांदा दोन बासून (हे खर्जातलं, फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य), मग दोन ओबो (हे सनईच्या जातीचं), मग दोन क्लॅरिनेट, मग दोन बासऱ्या, शेवटी तोंडाला बूच लावलेले दोन ट्रंपेट. प्रत्येक जोडीतल्या दोन सुरांमधलं अंतर वेगळं आहे. बासून एकमेकांपासून षड्ज-धैवत एवढ्या अंतराने चालतात, ओबो षड्ज-गंधाराच्या, क्लॅरिनेट षड्ज-निषादाच्या, बासऱ्या षड्ज-पंचमाच्या, आणि ट्रंपेट तर अगदी षड्ज-ऋषभासारखे एकमेकांना घासून.

हे पुस्तकात वाचून मला काही झालं नसतं. पडद्यावर ती दोन माणसं शेजारी बसलेली दिसतात, एकत्र श्वास घेतात, आणि मग सूर येतो. श्वास दिसला की पुढचा सूर ओळखीचा वाटतो. क्लॅरिनेटच्या जोडीला कानाला जी बोच जाणवते ती का जाणवते हे त्या क्षणी समजलं, कारण त्याआधीची ओबोची गोड जोडी डोळ्यांसमोर ताजी होती. मी तो भाग पुन्हा पुन्हा लावला. काही दिवसांनी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, आता त्या बासऱ्या येतील ना?" तिने पडद्याकडे पाहिलंही नव्हतं.

त्या मैफलीत टाळ्या नाहीत. पाचवा भाग इतका भरधाव संपतो की कोणत्याही सभागृहात लोक उठून उभे राहिले असते. इथे आवाज थांबतो आणि पुढे काही येत नाही. दाद ही मैफलीचा अर्धा भाग असते असं मानणाऱ्या घरातल्या मला ते फार लागलं. त्याच वर्षी १ मे रोजी कंडक्टर किरिल पेत्रेंको यांनी त्याच रिकाम्या सभागृहात मोजक्या वादकांना घेऊन, खुर्च्या लांब लांब मांडून, माहलरची चौथी सिम्फनी छोट्या संचासाठी केलेल्या रूपात सादर केली. तीही बघण्यासारखी आहे. मोठ्या संचात लपणाऱ्या ओळी त्यात उघड्या पडतात, आणि माझ्यासारख्या शिकाऊ कानाला त्याचा फायदाच होतो.

दुसरी मैफल कंडक्टर क्लाउदिओ आबादो यांची, मे २०१३ मधली. या वाद्यवृंदाबरोबरची ती त्यांची शेवटची, जानेवारी २०१४ मध्ये ते गेले. शेक्सपियरच्या मिडसमर नाइट्स ड्रीम या नाटकावरच्या मेंडेल्सोनच्या संगीतानंतर बर्लिओझची सिम्फनी फांतास्तिक. तिचा तिसरा भाग रानातला आहे. मंचावरचं कोर आंग्ले, म्हणजे ओबोचं खर्जातलं भावंड, हाक देतं आणि मंचाबाहेरून ओबो उत्तर देतो. दोन गुराखी एकमेकांना बोलावताहेत. भागाच्या शेवटी तीच हाक पुन्हा येते. या वेळी ओबो गप्प. उत्तराला येतो तो लांबच्या गडगडाटाचा आवाज, जो बर्लिओझने चार वादकांना टिंपनीवर, म्हणजे नगाऱ्यासारख्या मोठ्या ढोलांवर, बसवून काढला आहे. हाक, गडगडाट, पुन्हा हाक, पुन्हा गडगडाट. १८३० साली एका तरुण माणसाला एकटेपणा असा मांडता आला याचं मला अजून आश्चर्य वाटतं. आणि आबादोंचे हात बघा. आजारपणाने वाळलेला माणूस, पण डावा हात एखाद्या जाणत्या गवयाच्या हातासारखा, सूर जिथे जायचा तिथे आधी पोचणारा.

या सगळ्यात त्या वास्तूचा वाटा मोठा आहे. हान्स शारून या वास्तुविशारदाने आखलेलं फिलहार्मोनी हे या वाद्यवृंदाचं सभागृह १५ ऑक्टोबर १९६३ रोजी उघडलं, तेव्हाचे मुख्य कंडक्टर कारायान यांच्या हाताखाली बेथोव्हनची नववी सिम्फनी वाजवून. मंच एका टोकाला न ठेवता जवळजवळ मध्यावर ठेवला आणि प्रेक्षकांचे गट चढत्या पायऱ्यांनी चहूबाजूंना बसवले. दोन हजारांहून जास्त माणसं, पण कोणीच फार लांब नाही, आणि काही जण तर वाद्यवृंदाच्या पाठीमागे, कंडक्टरच्या तोंडासमोर. कॅमेऱ्याला त्यामुळे सगळ्या दिशा मिळतात. कंडक्टरचा चेहरा पूर्ण दिसतो, आणि त्याच्यामागे ऐकणारी माणसंही दिसतात. ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे बैठकीत समोरच्याची मान हलली की आपल्याला समेची चाहूल लागते, तसं इथेही होतं.

कॅमेऱ्याबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे, आणि ती सवय वाढली तशी वाढत गेली. काय ऐकायचं ते कॅमेरा ठरवतो. ओबोचा एकल तुकडा आला की चित्र ओबोवर जाणार. पण त्याच वेळी व्हिओला (व्हायोलिनचं जरा मोठं, खालच्या सुराचं भावंड) खाली काहीतरी विलक्षण करत असतात, आणि नवख्या कानाचं तिकडे लक्षच जात नाही. सुरुवातीच्या महिन्यांत हे बोट धरून नेणं हवंसं होतं. आता मी कधी कधी मुद्दाम पाठ करून बसते. आधी बघून ऐकायचं, मग न बघता. माझ्यापुरती हीच पद्धत सगळ्यात उपयोगी ठरली.

संग्रहात कारायान यांच्या काळातल्या फिल्म्सही आहेत, त्या या तक्रारीसाठी आवर्जून पाहा. तिथे कॅमेरा जवळपास सगळा वेळ कारायान यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर आणि हातांवर असतो, वादक म्हणजे चकाकणाऱ्या वाद्यांच्या रांगा. स्त्रिया तर जवळजवळ दिसतच नाहीत. १९८२ साली व्हायोलिनवादक मादलेन कारुझो या वाद्यवृंदातल्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या, म्हणजे स्थापनेनंतर शंभर वर्षांनी. आजच्या प्रक्षेपणात प्रत्येक वादक माणूस म्हणून दिसतो. हॉर्नवादक सारा विलिस अनेक मुलाखती घेतात, त्या मी मैफलीआधी ऐकते. सहकाऱ्याने सहकाऱ्याला विचारलेले प्रश्न असल्यामुळे त्यात नेमकं बोलणं होतं. कोणती ओळ वाजवायला अवघड, कुठे कोणाकडे बघावं लागतं, असं. मुलाखती इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये असतात, जर्मनला इंग्रजी उपशीर्षकं मिळतात.

आईसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन, २०१० मधलं, रॅटल यांचं, नाट्यदिग्दर्शक पीटर सेलर्स यांनी हालचालींसह बसवलेलं. येशूच्या शेवटच्या दिवसांची कथा. मार्क पॅडमोर निवेदक आहेत. ते कथा गात-सांगत पुढे नेतात, मध्येच थांबतात, कोणी एक जण त्या प्रसंगावर गातो, मग सगळा समुदाय ओळखीची धून उचलतो. आईने पहिल्या अर्ध्या तासात निकाल दिला की हे कीर्तन आहे. आख्यान लावलंय, मध्ये अभंग येतात, आणि टाळकरी मागे उभे आहेत. त्यानंतर तिला जर्मन न कळण्याची अडचण राहिली नाही. गाणाऱ्याच्या शेजारी उभं राहून व्हायोलिन वाजवणारा वादकही तिथे कथेतला माणूस होतो. आम्ही ते दोन रात्रींत पाहिलं, तीन तासांच्या आसपास आहे.

आता मुंबईतल्या व्यवहाराच्या गोष्टी. थेट प्रक्षेपण बहुतेक शनिवारी, तिथल्या संध्याकाळी सातला. उन्हाळ्यात तिथे सात म्हणजे इथे रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. आठचा कार्यक्रम हिवाळ्यात थेट साडेबाराला सुरू होतो. ज्यांना रविवारी पहाटे उठायचं असेल त्यांनी संग्रहावर भिस्त ठेवावी. मला मात्र ती वेळ आवडते, कारण पार्ल्यात दिवसा शांतता मिळत नाही. डोक्यावरून विमानं, खाली रिक्षा, सोसायटीचा पाण्याचा पंप. माहलरच्या पहिल्या सिम्फनीची सुरुवात तारवाद्यांच्या एका अतिशय मंद, लांबवलेल्या सुराने होते. आमच्या हॉलमध्ये तो सूर दुपारी पंख्याच्या आवाजात बुडून जातो. रात्री ऐकू येतो.

टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर हे ऐकू नका. सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यांतलं अंतर सिम्फनीत प्रचंड असतं. हळू ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढे ट्रंपेटसारखी पितळी वाद्यं आल्यावर शेजारी दार वाजवतात. बरा हेडफोन हाच आपल्या फ्लॅटमधला मार्ग. लॉसलेस, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातलं काही न गाळलेल्या, आवाजाचा पर्यायही सेवेत आहे, आणि चांगल्या हेडफोनवर डबल बासमध्ये फरक जाणवतो. टीव्हीसाठी ॲप आहे, फोनवरही चालतं, पण फोनच्या पडद्यावर बघण्यात अर्थ नाही. तिथे नुसतं ऐका. इंटरनेट पावसाळ्यात आमच्याकडे दगा देतं, ऐन शेवटच्या भागात लाइन गेल्याचा अनुभव मी घेतला आहे, पण त्यात बर्लिनचा दोष नाही. पैसे युरोत जातात, त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार बसतो, आणि माझ्या कार्डावरून आपोआप नूतनीकरण होऊ शकलं नाही, हाताने करावं लागलं. महिन्याचं घेऊन पाहावं, रमलात तर वर्षाचं घ्यावं.

या वाद्यवृंदाशी मुंबईचं नातंही आहे. झुबिन मेहता १९३६ साली इथे जन्मले, त्यांचे वडील मेहली मेहता यांनी इथे बॉम्बे सिम्फनी उभी केली होती. २०१९ पासून झुबिन बर्लिन फिलहार्मोनिकचे मानद सदस्य आहेत. संग्रहात त्यांचं नाव टाकून शोधा.

आणि हे पाहता पाहता मला आपल्या सभागृहांची फार आस लागते. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर आहे, १९८० चं, फिलिप जॉन्सन यांनी आखलेलं, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. आपलं गाणं मायक्रोफोनशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं या विचाराने ते बांधलं आहे. तिथे गाणाऱ्याची बोटं, तंबोऱ्यावरच्या शिष्याचा चेहरा, तबलजीची गाणाऱ्याशी होणारी नजरानजर याच निगुतीने टिपली, नीट नावं-तारखा लावून ठेवली आणि कोकणातल्या एखाद्या गावातल्या मुलाला वर्गणीत बघता आली, तर? कोण गातंय, कोणता राग, कोणती बंदिश, साथीला कोण, हे धड न लिहिलेले आपले व्हिडिओ बघून मला वाईट वाटतं. बर्लिनच्या संग्रहात प्रत्येक कृतीचा प्रत्येक भाग वेगळा नोंदलेला असतो, भागाच्या नावावर बोट ठेवलं की तिथून सुरू होतं. विलंबित आणि द्रुत एवढ्या दोनच नोंदी तरी आपण करू शकतो. त्यासाठी मी आनंदाने पैसे भरेन.

नव्याने घेणाऱ्यांनी हंगाम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि जूनमध्ये संपतो हे लक्षात घ्यावं. थेट मैफली हव्या असतील तर जुलैत वर्गणी सुरू करू नका. सुरुवात बार्तोकच्या त्या दुसऱ्या भागाने करा, मग बर्लिओझचा तिसरा. पूर्ण सिम्फनी बसून ऐकायची घाई नको. आणि मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ एक तासाने सरकतं, तेव्हा आपली वेळ वेबसाइटवर पुन्हा तपासून घ्या.