राजारामपुरीतला रविवारचा चित्रकला क्लास : एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरचा अभिप्राय

आधीच सांगतो, मी एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करून 31 वर्षं हायस्कुलात ड्रॉइंग शिकवलंय. त्यामुळं कुठल्याही क्लासात गेलो की आधी भिंत बघतो. सगळ्या पोरांचे डोंगर एकसारखे दिसले की समजायचं, मास्तरांचा हात फिरलाय. इथं भिंतीवर दोन चित्रंसुद्धा सारखी नव्हती. तेवढ्यावर नातीचं नाव घातलं. नाहीतर कलामहर्षी बाबूराव पेंटरांच्या कोल्हापुरात क्लासना काय तोटा?

रविवारी सकाळी 9 ते 11, महिन्याला 900 रुपये, कागद-रंग त्यांचेच. सहा ते दहा वयाची चौदा मुलं, बसायला चटई. दोघांत एक बर्फाचा ट्रे आणि त्यात पोस्टर कलर : लाल, पिवळा, निळा, पांढरा. काळा मिळत नाही. हिरवा पाहिजे तर करून घ्यायचा. पहिले दोन रविवार नातीचा कागद नुसता चिखल होऊन घरी आला आणि सूनबाई काही न बोलता माझ्याकडं बघत राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात भाजी निवडताना पोरगी म्हणाली, "आबा, कोथिंबिरीच्या देठात पिवळा जास्त पडलाय." मग सूनबाईंचं बघणं थांबलं.

बेंदराच्या आदल्या रविवारी मातीचे बैल केले. साचा नाही, नमुना नाही. एका पोराच्या बैलाचे पाय मोडले, तो रडकुंडीला आला. मी असतो तर दोन मिनिटांत नवे पाय लावून दिले असते. बाईंनी विचारलं, "आता हा काय करतोय?" पोरानं जरा विचार केला आणि म्हणाला, "बसलाय. दमलाय." शिंगं रंगवून तोच बसका बैल घरी गेला.

पण माझी खरी खोड मोडली ती पुढच्या महिन्यात. विषय होता 'आमच्या घरातला आवाज'. नातीनं पानभर मिक्सर काढला आणि त्याच्यामागं एवढीशी आजी. सात ते नऊच्या वयात मूल जे महत्त्वाचं वाटतं ते मोठं काढतं, हे बालचित्रकलेचा अभ्यासक लोवेनफेल्डनं 1947 सालीच लिहून ठेवलंय, मी वाचलेलंही आहे. तरी हात गेलाच पेन्सिलीकडं, आजीला जरा मापात आणावी म्हणून. बाई मागून म्हणाल्या, "सर, तिच्या कागदावर नको. तुम्हाला वेगळा देते." आणि खरंच पाव शीट कार्ट्रिज कागद माझ्यापुढं ठेवला.

बसलो चटईवर. घरातला आवाज आठवेना. हात मात्र आपसूक चालला आणि कागदावर आला फुगेवाला. सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी मी पोरांकडून हाच घोटून घ्यायचो : फुगेवाला, टोपलीवाली बाई, सायकल धरलेला माणूस. विषय बाजार येवो नाहीतर बसस्टॉप, हीच तीन माणसं जागा बदलून उभी करायची. निकाल चांगले लागायचे, ते नाकारत नाही. शेजारची पोरगी वाकून बघत म्हणाली, "आजोबा, हे तुमच्या घरात राहतात?"

आता तक्रार. दहा वर्षांच्या आसपासच्या पोरांना चित्र 'खऱ्यासारखं' पाहिजे असतं आणि तिथं बाई कमी पडतात. एक पोरगा सायकल काढत होता. तीनदा खोडली, चौथ्यांदा कागद चुरगाळला. बाई म्हणत राहिल्या, "तुला दिसते तशी काढ." अहो, दिसतेय, पण हाताला येत नाही, हेच तर त्याचं दुखणं! मागितल्यावर दाखवावं. त्याच्या कागदावर नको, आपल्या कागदावर दाखवा. चाक तिरकं बघितलं की लंबगोल का होतं, एवढं तरी. न मागता शिकवणं चूक, तसं मागितल्यावर न शिकवणं पण चूकच.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांची तयारी इथं होत नाही. दहावीला इंटरमिजिएटच्या ए ग्रेडचे 7 जादा गुण डोळ्यांपुढं असतील तर दुसरीकडं जा. वस्तुचित्र, भूमिती, अक्षरलेखन रोज घोटून घेणारे क्लास पुष्कळ आहेत.

ब्रश सोडले तर साहित्य बरं आहे. सहा नंबरचे गोल ब्रश पार झाडू झालेत, घरून एक द्या. नळ एकच आणि तो जिन्याखाली, त्यामुळं सुटताना गर्दी होते. जुना शर्ट घालून पाठवा. पाण्याच्या बाटलीवर नाव लिहा, आमच्या दोन गेल्या.

पुढच्या तीन महिन्यांची फी भरलीय. आजोबांना चटईवर बसायची वेगळी फी नाही, विचारून घेतलं.