सौर कृषिपंपाचे दीड वर्ष : दुपारची धार आणि ढगाळ दिवस

जालना जिल्ह्यातील आमच्या चार एकर मोसंबीवर ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेतून बसवलेल्या ५ अश्वशक्तीच्या पंपाला दीड वर्ष झाले. तो घ्यावा का, असे गावातले अनेकजण विचारतात आणि उत्तर प्रत्येकाच्या विहिरीप्रमाणे बदलते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी लाभ. महावितरणच्या जोडणीवर शेतीची वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. हातात बॅटरी धरून, पायाखाली काय येईल या धास्तीत रात्री शेतात पाणी वळवत दारे धरणे काय असते, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. या दीड वर्षात ती वेळ एकदाही आली नाही. किमतीपैकी आम्ही १० टक्के भरले (अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी हा वाटा ५ टक्के आहे), उरलेला भार केंद्र आणि राज्य शासनाचा. ही केवळ उदारता नव्हे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत असल्याने तारेवरच्या पंपाचे बिल शासनाच्या तिजोरीवर वर्षानुवर्षे पडत राहते, तर सौरपंपावरचा मोठा खर्च एकदाच होतो.

आता मर्यादा. साडेचार किलोवॅटहून थोड्या अधिक क्षमतेच्या पॅनेलवर चालणारा हा पंप सकाळी नऊला सुरू होतो खरा, पण धार करंगळीएवढी असते. अकरा ते तीन या वेळातच तो पूर्ण ताकदीने पाणी उपसतो. ठिबकवाल्यांनी हे नीट समजून घ्यावे. सकाळी दोन्ही व्हॉल्व्ह उघडले, तर शेवटच्या ओळींतले ड्रिपर नुसते ओलसर होतात आणि थेंब पडत नाही. त्यामुळे मी साडेदहापर्यंत एकच व्हॉल्व्ह चालवतो, दुपारी दोन, आणि साडेतीननंतर पुन्हा एक. श्रावणातल्या ढगाळ दिवसांत भरवसा ठेवू नये, मात्र तेव्हा पाण्याची गरजही कमीच असते.

खरी उणीव निकषात आहे. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती, असा पंप जमिनीच्या क्षेत्रावरून ठरतो. पाणी किती खोल आहे, हे त्या मोजमापात येत नाही. आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही पंचेचाळीस फुटांवर असते, म्हणून निभावते. खोल बोअरवर दोन एकर भिजवणाऱ्याने लहान पंप पदरात पडण्याआधी विचार करावा.

तक्रार एकच, पण महागात पडलेली. भर मे महिन्यात कंट्रोलर बंद पडला. पाच वर्षांची दुरुस्ती किमतीतच धरलेली असूनही पुरवठादाराचा माणूस सतराव्या दिवशी उगवला, तोवर टँकरने झाडे जगवली आणि तरी फळगळ झालीच. पैसे भरल्यावर यादीतून पुरवठादार निवडण्याची मुभा असते, तेव्हा पॅनेलच्या चकचकीत छायाचित्रांपेक्षा आपल्या तालुक्यात त्याचा मेकॅनिक आहे का, हे विचारावे, आणि आधी पंप बसवलेल्या दोघा-तिघांना फोन करून तो बोलावल्यावर किती दिवसांत आला, याची खात्री करून घ्यावी.