लडाख: ४२ की खारदुंगला ७२?

साताऱ्याचा यवतेश्वर घाट एका दमात पळणारे पुढचं पाऊल म्हणून सप्टेंबरातल्या लडाख मॅरेथॉनकडे बघतात. तिथे ४२ किमीची शर्यत लेहमध्ये, साधारण ३,५०० मीटरवर. रस्ता आधी सिंधूकाठी उतरतो, तिथे पाय मोकळे सुटतात आणि मग शेवटचा चढ वसुली करतो. पण गाव जवळ, मदत जवळ.

त्याच मॅरेथॉनमधलं खारदुंगला चॅलेंज ७२ किमीचं. पहाटे तीनला खारदुंग गावातून, कपाळावर टॉर्च लावून निघायचं. पहिले ३२ किमी चढच, थेट साधारण ५,३६० मीटरवरच्या खारदुंगला खिंडीपर्यंत. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. भलेभले तिथे मुकाट चालतात. थंडी इतकी की हातमोज्यातून एनर्जी जेलचं पाकीट फाडणंही जमत नाही. मग लेहपर्यंत चाळीसेक किमी उतार. ऐकायला सोपा, पण मांड्यांचा भुगा तोच करतो. वेळमर्यादा १४ तास.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी ४२च. विरळ हवेची सवय व्हायला निदान आठवडा-दहा दिवस आधी लेह गाठा. रजा तेवढी नसेल तर ७२चा हट्ट नकोच. डोकेदुखीसोबत मळमळ, तोल जाणं सुरू झालं तर दोन्हीकडे एकच उपाय: थांबायचं आणि खाली उतरायचं.