अडत्या, खेडा खरेदी आणि केळीचा दलाल: खान्देशात माल कुणाच्या हाती द्यावा?

निकाल आधी. बाजार समितीच्या यार्डातल्या परवानाधारक अडत्याच्या (शेतकऱ्याचा माल अडतीवर, म्हणजे टक्केवारीवर, विकून देणाऱ्याच्या) सेवेला पाचपैकी चार गुण. कापसाच्या खेडा खरेदीला (गावात येऊन होणाऱ्या खरेदीला) दोन, तेही पैसे त्याच दिवशी हातात किंवा खात्यात पडत असतील तर. केळीला मधला माणूस टाळता येत नाही. त्याला गुण माणूस पाहून द्यावेत, आणि तो कुणाचा माणूस हे लिहून घेतल्याशिवाय बागेत कोयता लावू देऊ नये.

तिन्ही ठिकाणी घासाघीस होते ती भाव, हमाली आणि गाडीभाड्यावर. पैसे बुडतात ते मात्र दुसऱ्याच प्रश्नावर: हा माणूस शेतकऱ्यातर्फे विकतोय, व्यापाऱ्यातर्फे घेतोय, की स्वतःच घेऊन पुढे विकणार आहे? भारतीय करार कायदा, १८७२ मधली १८२ ते २३८ ही कलमे या नात्याबद्दल, म्हणजे मालक आणि त्याचा प्रतिनिधी यांच्याबद्दल, आहेत. तो तुमच्यातर्फे असेल तर हिशोब देणे, सांगितल्याप्रमाणे वागणे, चोरून नफा न खाणे ही कर्तव्ये तुमच्याशी बांधलेली. तो व्यापाऱ्याचा असेल तर हेच सगळे तो व्यापाऱ्याशी देणे लागतो. म्हणजे भाव पाडून घेणे हे त्याचे काम झाले, त्यात त्याने तुमची फसवणूक केली असे होत नाही.

यार्डाला चार गुण आहेत ते पट्टीमुळे. जळगाव, अमळनेर, चोपडा, धुळे, कुठेही जा. फाटकावर नोंद, ढीग, लिलाव, काटा आणि मग हिशोबपट्टी, हा क्रम ठरलेला. ही पट्टी घडी घालून खिशात टाकायची वस्तू नाही. समजा मक्याच्या ५२ गोण्या, वजन २६ क्विंटल ४० किलो, भाव २,०५०. एकूण झाले ५४,१२० रुपये. खाली हमाली-तोलाईची वजावट. तिचे दर समितीकडे मिळतात, ते ताडून पाहावेत. पण खरी गळती त्याच्या वर, वजनाच्या ओळीत असते. गोणीमागे एक किलो कडता (गोणीच्या नावाने वजनातली कपात) धरला तर ५२ किलो गेले, म्हणजे १,०६६ रुपये, आणि वजावटीत ते दिसतच नाहीत, कारण वजनच कमी लिहिलेले असते. प्लास्टिकची रिकामी गोणी शंभर-दीडशे ग्रॅमची. तिच्या नावाने किलोभर कापायला काही आधार नाही. म्हणून मापाड्याची काटापावती वेगळी मागून घ्यावी आणि पट्टीवरचे वजन तिच्याशी जुळते का ते काट्यापाशीच बघावे. घरी जाऊन पाहिलेल्या फरकाला कुणी विचारत नाही.

दुसरी ओळ खरेदीदाराच्या नावाची. ती कोरी असेल, किंवा तिथे अडत्याच्याच भावाची पेढी असेल, तर थांबावे. विकायला दिलेला माल अडत्याने तुमच्या संमतीशिवाय स्वतःच घेतला आणि महत्त्वाची गोष्ट लबाडीने लपवली, किंवा त्या व्यवहारात तुमचे नुकसान झाले, तर कलम २१५ प्रमाणे सौदा नाकारता येतो. पुढे त्याने त्यात कमावलेला नफा कलम २१६ खाली मागता येतो. लिलावात २,०८० ला गेलेला माल पट्टीवर २,०५० ने लागला तर वरचे ३० रुपये तुमचे, आणि कामाच्या ज्या भागात गैरवर्तन झाले त्या भागाची अडतही कलम २२० प्रमाणे त्याला मिळत नाही. हिशोब मागितल्यावर देणे हे कलम २१३ प्रमाणे कर्तव्यच आहे. ‘वही मुनीमजींकडे आहे’ हे उत्तर नव्हे.

इथे एक गैरसमज फार पसरला आहे. २०१६ मध्ये फळे-भाजीपाला नियमनमुक्त झाला आणि त्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची ठरली. तेव्हापासून काही पेढ्यांवर ऐकू येते: ‘दादा, अडत तर आम्ही तुमच्याकडून घेतच नाही, मग हिशोब कशाचा मागता?’ टक्का कुणाच्या खिशातून येतो त्यावर नाते ठरत नाही. माल कुणातर्फे विकला त्यावर ठरते. मोबदला नसला तरी प्रतिनिधित्व होते, असे कलम १८५ स्पष्ट सांगते.

उधारीबाबत यार्डातले अडत्ये सैल वागतात, एक गुण कापला तो त्यासाठीच. जिथे रोख विक्रीची रीत आहे तिथे अडत्याने आपल्या मर्जीने उधार दिले आणि घेणाऱ्याने हात वर केले, तर नुकसान अडत्याने भरायचे. घेणारा त्या दिवशी कितीही मोठा शेठ असला तरी. कलम २११ खालचे उदाहरण जवळपास याच शब्दांत आहे. उधारीची मुभा दिलेली असली तरी घेणाऱ्याची पत न तपासता माल सोडला तर कलम २१२ लागू होते. म्हणून ‘पार्टीने अजून पैसे टाकले नाहीत, थांबा’ असे ऐकले की पहिला प्रश्न हाच: उधारीची परवानगी मी दिली होती का?

जुन्या पेढ्यांत कच्ची अडत आणि पक्की अडत हा भेद अजून चालतो. कच्च्या अडतीत तो मधला माणूस, घेणारा वेगळा. पक्क्या अडतीत पैशाची जबाबदारी तो स्वतः घेतो आणि तुमच्यापुरता तोच समोरचा पक्ष होतो. मुंबई उच्च न्यायालयाने हा भेद विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मान्य केला आहे. पक्क्यात पैसे सुरक्षित, पण वरचा नफा त्याचा, कच्च्यात उलट. दोन्हीकडचे गोड तेवढे घेणारे पेढीवाले भेटतात: भाव चढला की पक्की, घेणारा पळाला की कच्ची. पहिल्या पट्टीआधीच विचारून घ्यावे.

आता उचल, म्हणजे पेढीकडून आगाऊ घेतलेली रक्कम. पेरणीला पन्नास हजार उचलले, माल निघाल्यावर दुसऱ्या पेढीवर भाव बरा दिसला. नेता येतो का? ‘हाच माल विकून रक्कम वळती करून घ्यावी’ असे ठरले असेल तर कलम २०२ आडवे येते, अडत्याचा अधिकार मधेच काढता येत नाही. कायद्यातले उदाहरणच कापसाच्या हजार गाठींचे आहे. उचल मालाशी जोडलेली नसेल तर माल दुसरीकडे नेता येतो, देणे मात्र राहते. फरक पडतो तो चिठ्ठीवरच्या शब्दांनी, म्हणून कोऱ्या चिठ्ठीवर सही नको.

शेतकऱ्याच्या अंगावर येणारी बाजूही आहे. तुम्ही अडत्याला म्हणालात, मका १,९०० च्या खाली सोडू नका. त्याने १,८०० ला सोडला, आणि घेणाऱ्याला तुमची अट ठाऊक नव्हती. सौदा पक्का राहतो. शंभराचा फरक अडत्याकडून वसूल करायचा, घेणाऱ्याच्या गाडीतून पोती उतरवता येत नाहीत. तसेच, अडत्याने संकरित ज्वारी ‘दादर’ (खान्देशातली रब्बी ज्वारी) म्हणून खपवली तर कलम २३८ प्रमाणे ते खोटे तुम्हीच बोलल्यासारखे धरले जाते, कारण माल विकणे हेच त्याला दिलेले काम होते. घेणारा सौदा मोडायला आला की ‘मी कुठे म्हणालो’ चालत नाही. वाण आणि ओलावा नमुन्याच्या पुडीवर लिहून द्यावा.

खेडा खरेदीकडे वळू. दिवाळीच्या आसपास गावात गाडी येते, काटा टांगला जातो, ‘मी अमक्या जिनिंगचा माणूस’ असे सांगितले जाते (जिनिंग म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारा कारखाना). सोय आहे हे मान्य: गाडीभाडे वाचते, रांग नाही. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर ८ टक्के ओलावा आधार धरून १२ टक्क्यांपर्यंतचा कापूस यंत्राने मोजून घेतात. इथे मूठभर कापूस दाबून ‘ओला आहे भो’ म्हटले की शंभर-दोनशे उतरले. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा मुदतीतला शिक्का आहे का ते पाहावे. काही काट्यांवर तो शोधूनही सापडणार नाही.

पण मोठा धोका वजनाचा नाही, नावाचा आहे. तो जिनिंगचे नाव घेतो, खरेच अधिकार आहे का हे कुणी पाहत नाही. अधिकार नसताना दुसऱ्याच्या नावाने सौदा करणारा कलम २३५ प्रमाणे स्वतः भरपाईला बांधला जातो. पण त्याच्याकडे एक दुचाकी आणि भाड्याची गाडी एवढेच असेल तर भरपाई कशातून घेणार? जिनिंगला धरायचे तर तिने त्याला आपला माणूस म्हणून मिरवू दिले हे दाखवावे लागते (कलम २३७): तिचे पावती पुस्तक, तिच्या वजनकाट्याची पावती, तिच्या खात्यातून आधी आलेले पैसे. म्हणून कापूस भरण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. जिनिंगच्या कार्यालयाला फोन करून माणसाचे नाव पक्के करावे, तो देईल त्या नंबरावर नव्हे. पावती जिनिंगच्या नावाची घ्यावी. आणि पैसे कुणाच्या खात्यातून येणार ते विचारावे. माणसाच्या वैयक्तिक खात्यातून येणार असतील तर माल जिनिंगला नव्हे, त्याला विकला असे धरून चालावे. मालकाचे नाव त्याने सांगितलेच नाही तर कलम २३० प्रमाणे तो स्वतः बांधला गेला असे गृहीत धरतात. आणि तो स्वतः जबाबदार ठरतो अशा सौद्यात कलम २३३ प्रमाणे त्याच्यावर, मालकावर किंवा दोघांवर दावा लावता येतो. ‘जिनिंगचा यात संबंध नाही, मी पाहून घेईन’ अशा कागदावर सही केली की हा दुसरा दरवाजा आपल्याच हाताने बंद होतो.

केळीची गोष्ट वेगळी, कारण माल थांबत नाही. रावेर-सावदा पट्ट्यात सकाळी बोर्डाचा (त्या दिवसाचा जाहीर झालेला) भाव कळतो, दुपारी कापणीची टोळी बागेत. नवती (नव्या लागवडीची), पिलबाग (पिलांपासून वाढलेल्या बागेची), वापसी (नाकारलेली, हलकी) अशी प्रत लावताना दलाल बोर्डाच्या खाली उतरतो, आणि तो व्यापाऱ्याचा माणूस असेल तर त्याला तसे करण्याचा पगारच मिळतो. ठरवून घ्यायच्या गोष्टी: भाव त्या दिवशीच्या बोर्डाला धरून की ठोक; वजन दांड्यासह की फण्यांचे; वापसी कोण ठरवणार आणि ती बागेतच बाजूला काढणार का. गाडी भरून गेल्यावर फोनवर वापसी वाढली तर ती मान्य करायची गरज नाही, पण बागेतच ठरले होते हे दाखवता आले पाहिजे. व्हॉट्सअॅपवरचा एक संदेश पुरतो.

दलाल तुमच्यातर्फे दिल्लीच्या आझादपूर मंडीत माल पाठवत असेल तर फास वेगळाच. दिल्लीचा अडत्या त्याने आपल्या कामासाठी रीतसर नेमला असेल तर तो उपप्रतिनिधी, आणि कलम १९२ प्रमाणे त्याच्या कामाबद्दल सावद्याचा दलालच तुम्हाला जबाब देतो. ‘दिल्लीवाल्याने अडकवले’ म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. पण दलालाने विचारले, ‘आबा, अमक्या पेढीला तुमच्यातर्फे नेमू का?’ आणि तुम्ही ‘चालेल’ लिहिले, तर कलम १९४ प्रमाणे ती पेढी थेट तुमचीच प्रतिनिधी होऊ शकते, आणि दलालाकडे फक्त माणूस नीट निवडल्याची जबाबदारी उरते. उत्तर असे लिहावे: ‘माल तुमच्या भरवशावर, पैसे तुमच्याकडून.’

वाटेत गाडी बिघडली आणि केळी पिकायला लागली तर आणीबाणीत शहाणा माणूस स्वतःच्या मालाचे जे करेल ते दलालाला करता येते (कलम १८९), अगदी मधल्याच गावी विकून टाकणेसुद्धा. मात्र अडचणीत तुम्हाला कळवण्याचा प्रयत्न करणेही त्याचे काम आहे, कलम २१४. मोबाइलच्या जमान्यात ‘संपर्क झाला नाही’ हे ऐकून घेऊ नये. कुठे विकली, कितीला, त्या पेढीची पट्टी कुठे, एवढे मागावे.

नंदुरबारच्या ओल्या मिरचीत हा गुंता कमी आहे. माल बाजारात विकला की पुढे पथारीवर वाळवण्याची जोखीम घेणाऱ्याची. फक्त वजन आणि भाव पाहावा.

पैसे अडकलेच तर यार्डातल्या सौद्याची तक्रार पट्टीसकट बाजार समितीकडे द्यावी. परवाना तिच्या हातात असल्याने तिथे दाब पडतो. खेडा खरेदीत हे हत्यार बहुतेक वेळा हाती नसते, दोन गुणांचे हेही एक कारण. विकून आलेले पैसे अडत्याने स्वतःकडेच जिरवले तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३१६(५) आहे, पण पोलीस ठाण्यात नुसत्या उशिराला ‘दिवाणी बाब’ म्हणतील. घेणाऱ्याने अडत्याला पैसे दिल्याचा पुरावा आधी मिळवावा. धनादेश परत आला तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात परक्राम्य संलेख कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ खाली तक्रार. तारखा चुकल्या की ‘पुढच्या हप्त्यात देतो’वर विसंबलेला माणूस आपसूक बाहेर पडतो. दिवाणी दाव्याला मुदत साधारण ३ वर्षे. अडत्याविरुद्धच्या हिशोबाच्या दाव्यात व्यवहार चालू असताना हिशोब मागून नाकारला गेला तर ती त्या तारखेपासून मोजतात, मागितलाच नसेल तर व्यवहार संपल्यापासून. म्हणून हिशोबाची मागणी पोहोचपावतीच्या पत्राने करावी आणि पावती पट्टीलाच टाचून ठेवावी.