एन१०० लॅपटॉप: १४ महिने वापरला, अडले ते चार्जिंग पोर्टपाशी

गेल्या महिन्यात माझा लॅपटॉप चार्ज व्हायचा बंद झाला. आधी आठवडाभर केबल वर उचलून धरली तरच दिवा लागायचा, मग तोही लागेना. वॉरंटी संपून महिनाच झाला होता. रत्नागिरीच्या अधिकृत केंद्रात दिला. चार दिवसांनी फोन आला, "मॅडम, मदरबोर्ड बदलावा लागेल. १७,८०० रुपये." अख्खा लॅपटॉप मी २४,९०० ला घेतला होता. पोर्ट बिघडला तर बोर्ड कशाला, असं विचारलं. प्रोसेसर, रॅम, पोर्ट सगळं एकाच बोर्डावर पक्कं बसवलेलं असतं आणि आम्ही सुटा पोर्ट बदलत नाही, असं उत्तर मिळालं. त्या फोनचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय. तरीही यातला एन१०० हा प्रोसेसर घेऊ नका असं मी म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही तेही सांगते.

मी देवरुखला राहते. घरून मराठी पुस्तकांची प्रूफं तपासते. दिवसाचे आठ तास एक पीडीएफ, एक वर्ड फाइल आणि ब्राउझरमध्ये शब्दकोश उघडे. एवढ्या कामासाठी आधी डेस्कटॉप होता. पावसाळ्यात वीज गेली की यूपीएस पंधरा मिनिटं टिकायचा, पुढे काम ठप्प. वीज कधी येईल ते आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुणीच सांगू शकत नाही. म्हणून कमी वीज खाणारा लॅपटॉप हवा होता. वेगाचं मला फारसं पडलं नव्हतं.

एन१०० ची माहिती बहुतेकांना असेल. इंटेलने जानेवारी २०२३ मध्ये आणलेला, ६ वॅटचा, चार कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग), ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. दुकानात याला 'बारावी जनरेशन' म्हणतात. ते खोटं नाही, पण त्या पिढीच्या मोठ्या चिपमध्ये जे मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर असतात, त्यातले फक्त छोटे यात आहेत. त्या पिढीच्या आय५ या मोठ्या चिपसारखं चालेल या आशेने घेतलात तर पस्तावाल. माझ्या कामाला चार छोटे कोअर पुरून उरतात. जिथे अडखळतो ते रॅममुळे. या चिपला मेमरीचा एकच चॅनल, म्हणजे रॅमकडे जायची एकच वाट आहे आणि माझ्या लॅपटॉपात ८ जीबी बोर्डावरच चिकटवलेली आहे. चारशे पानांची स्कॅन पीडीएफ आणि ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब एकदम उघडले की टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. १६ जीबीचा मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या, चिकटवलेली रॅम पुढे वाढवता येत नाही.

आता विजेबद्दल. मी ६०० रुपयांचा एक छोटा टाइप-सी वॅटमीटर घेतला. चार्जर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये लावायचा, लॅपटॉप किती वॅट ओढतोय ते दिसतं. बॅटरी पूर्ण भरलेली असताना वाय-फाय चालू ठेवून प्रूफ वाचताना ६.५ ते ७ वॅट. यूट्यूबवर व्याख्यान लावलं तर ९. माझा डेस्कटॉप मॉनिटरसकट ८५ च्या आसपास जायचा. आठ तास रोज धरले तर डेस्कटॉपला महिन्याला २० युनिट लागायचे, याला चार्जरमधली गळती धरूनही दोन. हे आकडे मी वहीत लिहून ठेवलेत, महिन्यावारी.

पहिले तीन-चार महिने मी सगळ्यांना सांगत होते की बघा, चिप ६ वॅटची आहे म्हणून लॅपटॉप ७ वॅटवर चालतो. हे चूक होतं. एकदा मीटर लावलेला असताना स्क्रीन बंद झाली आणि आकडा थेट ४ च्या खाली आला. ब्राइटनेस पूर्ण केला तर साडेनऊवर. म्हणजे वाचत बसलेलं असताना चिप स्वतः फार थोडी वीज घेते, बाकीची बरीचशी पडद्याला जाते. प्रोसेसर काम आलं की पटकन उरकतो आणि पुढची कळ दाबेपर्यंत झोपतो. माणूस वाचतो तेव्हा तो बहुतेक वेळ झोपलेलाच असतो. ६ वॅट हा आकडा सतत जोर लावून काम करतानाचा आहे, तोही थोड्या वेळासाठी ओलांडला जातो. किती ओलांडायचा आणि किती वेळ, ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून एकच एन१०० दोन लॅपटॉपांत वेगवेगळा चालतो. चिपचं नाव बघून वेगाचा अंदाज बांधू नका, त्या नेमक्या मॉडेलचा अनुभव शोधा.

माझ्या लॅपटॉपला पंखा नाही. रात्री घरातले झोपलेले असताना काम करते, कणभर आवाज नाही, हे सुख मोठं आहे. पण त्याची किंमत उन्हाळ्यात कळते. जुन्या पुस्तकांच्या स्कॅनवरून मजकूर काढायला मी टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर वापरते, त्याला मराठी चांगलं येतं. ते चालू केलं की मीटर २४ वॅटवर उडी मारतो आणि काही मिनिटांत, बूड तापलं की, १२ च्या आसपास येऊन बसतो. तीनशे पानांच्या एका पुस्तकाला डिसेंबरात २६ मिनिटं लागली होती. तेच पुस्तक मुद्दाम या मे महिन्यात परत चालवलं तर ३९. मग लॅपटॉप टेबलावरून उचलून माजघरातल्या शहाबादी फरशीवर ठेवला आणि पुन्हा चालवलं: ३३. पत्र्याचं बूड गार दगडाला टेकलं की उष्णता ओढली जाते. आता मजकूर काढायचं काम मी फरशीवर आणि पहाटेच करते. अशी कामं तुम्हाला रोज असतील तर मात्र पंखावाला घ्या. इंटेलचाच आठ कोअरचा एन३०५ हा प्रोसेसर १५ वॅटचा आहे, तो बघा. एन१५० नवा असला तरी तेच चार छोटे कोअर थोडे वेगाने पळवलेत, त्यासाठी फार जास्त पैसे देऊ नका.

गेल्या सप्टेंबरात दिवाळी अंकाची प्रूफं हातात होती आणि वादळात तारांवर झाड पडलं. अडीच दिवस वीज नव्हती. तेव्हा हा लॅपटॉप पॉवर बँकेवर चालला. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टच्या हिशेबाने, म्हणजे ७४ वॅट-तास. गळती वजा जाता मला ६० मिळतात, ७ वॅटने आठ तास. लॅपटॉपची स्वतःची ३८ वॅट-तासांची बॅटरी वेगळी. रात्री शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवर पॉवर बँक भरून आणायची आणि सकाळी कामाला बसायचं. अंक वेळेत गेला. एवढंसं यंत्र खिशात मावणाऱ्या बॅटरीवर दिवसभर काम देतं, याचं मला आजही अप्रूप आहे. फक्त पॉवर बँक पीडी (पॉवर डिलिव्हरी) असलेली, १५ किंवा २० व्होल्ट देणारी हवी. नुसत्या मोबाइलसाठीच्या पॉवर बँकेवर माझा लॅपटॉप चार्जच होत नाही.

आणि हे सगळं सुख ज्या एका भोकातून आत येतं, तो पोर्ट बोर्डाला थेट सोल्डर केलेला. चार्जिंगचा दुसरा पोर्ट नाही. पूर्वीच्या बऱ्याच लॅपटॉपांत गोल पिनचा पोर्ट वायरीला जोडलेला असायचा, गेला तर दुरुस्तीवाला दोनशे रुपयांत नवा घालायचा. टाइप-सीला आत बारीक बारीक २४ पिना असतात आणि केबलचा ओढा पोर्टाच्या पत्र्याच्या चार पायांवर येतो. मी पॉवर बँक खाली स्टुलावर ठेवायचे, केबल ताणलेली. वर्षभर तो ताण त्या पायांवर पडला. माझंही चुकलं, पण चार्जिंगचा एकमेव पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर देणं कंपनीला अशक्य नव्हतं. बरेच लॅपटॉप तसे येतात.

सर्व्हिस सेंटरमधून लॅपटॉप परत आणला आणि साखरप्याहून आंबा घाटाने एसटीने कोल्हापूर गाठलं. शाहूपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्याने खालचा पत्रा काढला, भिंगाखाली धरला आणि मला दाखवला. "ताई, बोर्डाला काही झालेलं नाही बघा. पोर्टाचे पाय सुटलेत, तेवढं नवीन बसवून देतो." एसएसडी, म्हणजे सगळ्या फाइल्स जिच्यात असतात ती, सुटी होती, ती त्याने आधी काढून माझ्या हातात दिली, काही झालं तर तुमचं काम तरी तुमच्याकडे राहील म्हणून. अधिकृत केंद्रात मी तीनदा विनवूनही ती काढून दिली नव्हती. तासाभरात पोर्ट बदलला. ९०० रुपये. कुठे १७,८०० आणि कुठे ९००!

घेणाऱ्यांनी दुकानात प्रोसेसरच्या आधी पोर्ट मोजावेत. दोन टाइप-सी आहेत का, दोन्हींवर चार्ज होतो का, ते चार्जर लावून दाखवायला सांगा. एसएसडी सुटी आहे ना, तेही विचारा. मी आता काटकोनी टोकाची केबल घेतलीय आणि पॉवर बँक लॅपटॉपच्या शेजारी, त्याच उंचीवर ठेवते. तुटलेल्या पायांचा फोटो आणि दोन्ही खर्चांचे आकडे कंपनीला मेल केलेत, तीन आठवडे झाले. उत्तर आलं तर इथेच लिहीन.