लेकीच्या वहीतले चार रकाने

माझी लेक अकरावीत. दिवाळीनंतर कॉलेज म्हटलं की तिच्या पोटात गोळा यायचा, मग दिवसभर अंथरुणात. सगळे रिपोर्ट नॉर्मल. शेवटी कोथरूडमधल्या एका समुपदेशन केंद्रात गेलो. तिथे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) वापरतात, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम. नैराश्यासाठी ही पद्धत अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केली.

तिथल्या ताईंनी एकदाही उपदेश केला नाही. वहीत चार रकाने आखून दिले: काय घडलं, मनात काय आलं, भीती शंभरात किती, पुरावा काय. 'उत्तर चुकलं तर सगळे हसतील', भीती ९०. पुराव्यात लेकीने लिहिलं, 'मागच्या वेळी चुकलं तेव्हा कुणी हसलं नाही. शेजारची पेन मागत होती.' मग ९० खोडून ५५. ते गिचमिड अक्षर बघून मला भरून आलं.

पुढे पायऱ्या. आधी फाटकापर्यंत, मग कँटीन, मग एक तास. धडधडलं तरी पळायचं नाही, ओसरेपर्यंत थांबायचं. शिवाय मन नसलं तरी रोज एक आवडीची गोष्ट. तिने धूळ झटकून पेटी काढली.

ताईंनी दिलेला घरचा अभ्यास बुडाला तो आठवडा वाया जातो, हे पालकांनी ध्यानात घ्यावं. तक्रार एकच: पहिली वेळ मिळायला पाच आठवडे लागले. त्यात एका रात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला, मराठीत बोलता आलं, तेवढ्याने रात्र निभावली.

चौदा सत्रं झाली. काल ती तिन्ही तास बसून आली.